सध्या काय वाचलं : कोणती प्रत घ्यावी, हाताशी काय ठेवावं, गाडी कुठे अडते

लष्करकर (ग्वाल्हेर)

ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी मंडळींसाठी, अलीकडे वाचून झालेल्या पुस्तकांबद्दल हा धागा. प्रकार सगळे सरमिसळ आहेत : आठवणी, इतिहास, कादंबरी, कविता, संगीत, विज्ञानकथा. नुसतं "छान आहे, जरूर वाचा" म्हणून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मराठीतली कितीतरी उत्तम पुस्तकं चुकीच्या प्रतीमुळे किंवा काहीच तयारी न करता उघडल्यामुळे अर्ध्यावर सुटतात आणि बोल लेखकाला लागतो, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा प्रत्येक पुस्तकाबरोबर ते कसं वाचावं हेही लिहितो. पटलं नाही तर खोडून काढा.

सुरुवात आपल्याच मुलुखापासून. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या तोंडी सापडले. पुस्तक १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापलं, पण छापताना भाषा घासूनपुसून घेतली आणि मजकुरालाही कात्री लावली. पुढे १९६६मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढली. घ्यायची तर पोतदारांची घ्या, किंवा तिच्यावर आधारलेली. वैद्यांची वाचायला सोपी आहे हे खरं, पण गोडसे भटजींचा बोलण्याचा ओघ, लांबत जाणारी वाक्यं, कुठे किती दक्षिणा मिळाली आणि जेवायला काय होतं याची बारीक नोंद, हा सगळा जीव मूळ मजकुरात आहे. पहिली वीस-पंचवीस पानं जड जातात. ती मोठ्याने वाचावीत. विरामचिन्हं आपोआप सापडतात आणि पुढे अडचण राहत नाही.

एक गोष्ट मात्र पेन्सिल हातात घेऊनच करण्यासारखी आहे. भटजी जे स्वतः पाहतात आणि जे लोकांकडून ऐकतात ते एकाच सुरात सांगतात. समासात पाहिलेल्याला 'पा' आणि ऐकलेल्याला 'ऐ' अशी खूण करत चला. झाशीचा वेढा आणि नंतरची लूट त्यांनी शहराच्या आत राहून पाहिली आहे, त्या पानांना मराठीत तोड नाही. राणीच्या शेवटाची हकीकत मात्र ऐकीव आहे. तिथे तारखांचा आधार घ्यावा : १ जून १८५८ला ग्वाल्हेर पेशव्यांच्या फौजेच्या हाती आलं, १७ जूनला राणी कोटा की सराय भागात पडली (काही ठिकाणी १८ जून दिलेली असते) आणि २० जूनला किल्ला इंग्रजांनी घेतला. फूलबागेतली समाधी रोज पाहणाऱ्या माणसाने या दोन प्रकारच्या मजकुरातला फरक ओळखायलाच हवा.

इतिहासात त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१'. इंग्रजीत १९४६ला आलं, मराठीत १९६१ला. कोणत्या पत्राच्या आधारावर काय म्हणतो आहोत ते सांगून शेजवलकर पुढे आपला निवाडा बेधडक देतात. सहमत व्हा अथवा होऊ नका, त्यांचं पान कधी पुळचट नसतं. वाचक अडतो तो नकाशावर. मराठे दक्षिणेतून आले म्हणजे रणांगणावर ते दक्षिणेला आणि अब्दाली उत्तरेला, असं मनात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात उलटं होतं. भाऊसाहेब ऑक्टोबर १७६०मध्ये दिल्लीच्या वर कुंजपुऱ्यापर्यंत गेले, तेवढ्यात अब्दाली बागपताजवळ यमुना ओलांडून त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये आला. म्हणजे मराठे उत्तरेला अडकले, परतीची वाट शत्रूच्या ताब्यात गेली. नोव्हेंबरपासून १४ जानेवारीपर्यंत अडीच महिने उपासमार का झाली, ते या एका गोष्टीवरून कळतं. कागदावर वरून खाली कुंजपुरा, पानिपत, बागपत, दिल्ली लिहा, पूर्वेला यमुनेची रेघ ओढा आणि तो कागद पुस्तकात ठेवा. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेचा शेवटचा धागा तुटला, तिथे हा कागद परत उघडा.

दुसरा कागद शिंद्यांच्या वंशावळीचा. राणोजींचे जयाप्पा, दत्ताजी, ज्योतिबा, तुकोजी आणि महादजी. जयाप्पा १७५५मध्ये नागोरला मारले गेले. त्यांचा मुलगा जनकोजी. दत्ताजी १० जानेवारी १७६०ला बुराडी घाटावर पडले. जनकोजी आणि तुकोजी पानिपतात गेले, महादजी पायाला जखम घेऊन वाचले. एवढं पाठ असलं की 'शिंदे' असं नुसतं आडनाव आलं तरी कोणते ते वर्षावरून कळतं.

कादंबऱ्यांत विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (१९३९) पुन्हा वाचलं. लहान पुस्तक आहे, दोन बैठकांत संपतं आणि दोनच बैठकांत संपवावं. आठवडाभर पुरवून वाचलं तर कथा जिथे घडते त्या बोटीवरचा कोंडमारा विरून जातो. प्रस्तावना असलेली प्रत असेल तर ती शेवटी वाचा, प्रस्तावनेत बहुधा शेवट सांगून टाकलेला असतो. युद्ध पेटायच्या उंबरठ्यावर निर्वासित ज्यूंच्या वाट्याला काय आलं हे एखाद्या मराठी लेखकाने तेव्हाच, इतक्या जवळून लिहावं, ही साधी गोष्ट नाही.

शरच्चंद्र मुक्तिबोधांची त्रयी आपल्याकडेच कमी वाचली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं. धाकटे मुक्तिबोध मराठीत लिहीत, थोरले गजानन माधव हिंदीत. क्रम 'क्षिप्रा', 'सरहद्द', 'जन हे वोळतु जेथे' असाच ठेवा. मधलं पुस्तक आधी हाती आलं तरी थांबा, पहिल्याशिवाय त्यातली वैचारिक चर्चा कोरडी वाटते. मराठी घर, बाहेर हिंदी गाव, हे जगणं महाराष्ट्रात राहून लिहिता येणारं नाही.

कवितेत भा. रा. तांबे. आपले राजकवी, १९४१मध्ये इथेच गेले. समग्र संग्रहात अनेक कवितांबरोबर जाती (छंद), राग, ठिकाण आणि दिनांक दिलेला आहे. निवडक संग्रह घेताना आधी हेच पाहा. ही ओळ गाळलेली असेल तर तो संग्रह घेऊ नका. राग माहीत असला की कुठे थांबायचं, कोणतं अक्षर लांबवायचं ते कळतं. नुसतं डोळ्यांनी वाचलं तर तांबे गोडगोड वाटतात आणि वाचक त्यांना लगेच बाजूला सारतो.

विज्ञानकथेत जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी'. यातली विज्ञानकल्पना बाजूला काढली की गोष्ट कोसळते, आणि हेच चांगल्या विज्ञानकथेचं लक्षण आहे. व्यक्तिरेखा सपाट आहेत हा आक्षेप मला मान्य आहे. नववी-दहावीच्या मुलांना देण्यासाठी मात्र यापेक्षा चांगलं पुस्तक चटकन सुचत नाही. त्यांनी पहिली कथा स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, ही गोष्ट मुलांना हटकून आवडते.

भातखंड्यांच्या संगीताच्या क्रमिक पुस्तकांबद्दलही लिहायचं होतं, पण त्यातले जाणकार इथे आहेत. त्यांनी लिहावं.

---

पंचांग

गोडसे भटजींच्या बाबतीत लष्करकरांशी सहमत. एक भर घालतो, कारण आपल्याकडचे वाचक इथे हमखास चुकतात.

जुन्या मराठी मजकुरात शक आणि तिथी असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे, कारण तोवर जानेवारी लागलेला असतो. शके १७८०चा पाडवा मार्च १८५८च्या मध्यावर येतो. इतपत बहुतेकांना ठाऊक असतं.

घोटाळा महिन्यात होतो. आपल्या घरातला मराठी महिना अमावास्येला संपतो, भिंतीवर टांगलेल्या हिंदी पंचांगातला पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव तेच असतं, वद्य पक्षात एका महिन्याचा फरक पडतो. मराठी चैत्र वद्य म्हणजे हिंदी वैशाख कृष्ण. झाशी शहरात इंग्रज ३ एप्रिल १८५८ला शिरले. तेव्हा पौर्णिमा नुकतीच उलटली होती, म्हणजे मराठीत चैत्र वद्य. हीच तिथी हिंदी पंचांगावरून मोजली तर तारीख महिनाभर मागे सरकते आणि शहर पडल्यानंतर वेढा सुरू झाला असा उलटा हिशोब निघतो. मग वाचक म्हणतो, भटजींच्या तारखा चुकल्या. वद्य दिसलं की कागदावर आधी "मराठी वद्य" असं लिहून मगच मोजा. संवत दिलेला असेल तर ५७ वजा करा आणि महिन्याची हीच खबरदारी घ्या.

अंतरं कोसांत आहेत. कोस प्रांताप्रांतात वेगळा होता, पण तीन-सव्वातीन किलोमीटर धरला तर फार चूक होत नाही. ग्वाल्हेर ते झाशी शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तीसेक कोस. दिवसाला आठ-दहा कोसांची मजल धरली तर तीन-चार दिवस. कोणताही टप्पा या मापाने ताडून पाहता येतो.

---

मंद्र पंचम

भातखंड्यांवर लिहिते.

'हिंदुस्थानी संगीत पद्धति : क्रमिक पुस्तक मालिका', सहा भाग, मूळ मराठीत. आपल्याकडे हाथरसहून छापलेला हिंदी अनुवाद जास्त फिरतो. बंदिशी त्याच असल्या तरी मराठी येत असेल तर रागाची माहिती मूळ मराठीतून वाचावी, भातखंड्यांची मराठी फार स्वच्छ आहे. १९१८मध्ये माधव संगीत महाविद्यालय निघालं ते याच पद्धतीने शिकवण्यासाठी, तेव्हा ग्वाल्हेरच्या मराठी घरात ही पुस्तकं असतातच. माळ्यावरून काढून वाचायला हवीत.

नवशिक्याने दुसऱ्या भागापासून सुरुवात करावी. त्यात दहा थाटांचे (रागांच्या मूळ स्वरसंचांचे) दहा आश्रय राग आहेत : यमन, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. सुरांची मूळ ओळख असेल तर पहिला भाग नुसता चाळला तरी पुरे.

खुणा नीट समजून घ्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. स्वर लांबवायचा तर पुढे आडवी रेघ, शब्दातलं अक्षर लांबवायचं तर अवग्रह. एका मात्रेत एकापेक्षा जास्त स्वर असतील तर त्यांच्याखाली कंस, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) असेल तर वर कमान. समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) गुणाकाराची खूण, 'खाली'ला (टाळी नसलेल्या मात्रेला) शून्य, बाकी टाळ्यांना त्यांचे आकडे. म्हणजे त्रितालाच्या सोळा मात्रा खूण, २, ०, ३ अशा चार खणांत बसतात.

गडबड दोन ठिकाणी होते. पहिली छपाईची. पुनर्मुद्रणात आणि झेरॉक्समध्ये सगळ्यात आधी नाहीशी होते ती स्वराखालची बारीक रेघ. रेघ गेली की कोमल स्वर शुद्ध होतो आणि राग बिघडतो. त्यामुळे बंदिश वाजवण्याआधी थाट आठवा आणि पहिल्या दोन ओळी तपासा. भैरवात रे आणि ध कोमल. पूर्वीत तेच, शिवाय म तीव्र. मारव्यात कोमल फक्त रे, म तीव्र, ध शुद्ध. तोडीत रे, ग, ध कोमल आणि म तीव्र. जिथे रेघ असायला हवी पण दिसत नाही तिथे पेन्सिलने काढा. तोडीचा गंधार आणि मारव्याचा रिषभ इथे हे विशेष जपा, कारण चुकीचा स्वरही कानाला अगदीच वाईट लागत नाही आणि तोच बसून जातो.

दुसरी गडबड यापेक्षा मोठी. घरात विष्णु दिगंबर पलुसकरांच्या पद्धतीची पुस्तकंही असतात आणि दोन्ही पद्धतींतल्या काही खुणा एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहेत. पलुसकर पद्धतीत वरचं टिंब मंद्र सप्तक दाखवतं, भातखंडे पद्धतीत तेच तारसप्तक. पलुसकर पद्धतीत वरची उभी रेघ म्हणजे तारसप्तक, भातखंडे पद्धतीत ती मध्यमावर आली की तीव्र मध्यम. म्हणजे डोक्यावर उभी रेघ असलेला एकच 'म' एका पुस्तकात तीव्र, दुसऱ्यात वरच्या सप्तकातला. कोमलासाठी पलुसकर स्वराचा पाय मोडतात. पुस्तक उघडल्यावर आधी एखादा कोमल स्वर शोधा : खाली आडवी रेघ असेल तर भातखंडे, पाय मोडलेला असेल तर पलुसकर. तालाच्या खुणांतही फरक आहे, पलुसकर समेला १ लिहितात आणि खालीला अधिकाची खूण.

स्वरलिपीवरून बंदिशीचा सांगाडा मिळतो. ग्वाल्हेर गायकीतली बोल टाकण्याची जागा, आलापाची बढत, बहलावे, हे कागदावर येत नाही. पुस्तक समोर ठेवून आधी चीज पाठ करावी आणि मग गुरूसमोर बसावं. पुस्तकावरून परस्पर गाणं उभं करायला गेलं तर ताल बरोबर, स्वर बरोबर आणि तरी गाणं निर्जीव, असा प्रकार होतो.

---

किल्लागेट

पानिपतबद्दल मला वेगळं वाटतं. शेजवलकर आधी दिले तर दहातले आठ वाचक पन्नासाव्या पानावर बसतील. विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) आधी वाचावी. नावांना चेहरे मिळतात, ओढ लागते आणि मग शेजवलकर वाचण्याची ताकद येते. कादंबरीला दुय्यम का लेखायचं?

---

लष्करकर

किल्लागेट, दुय्यम मुळीच लेखत नाही. कादंबरीने हजारो घरांत पानिपत पोचवलं, ते शेजवलकरांच्या पुस्तकाकडून झालं नसतं. माझी अडचण एकच आहे. कादंबरीतला संवाद एकदा कानात बसला की तोच इतिहास वाटू लागतो आणि पुढे खरं पत्र वाचताना आपण त्यात तो संवाद शोधत बसतो. तुमच्या क्रमाने जायचं असेल तर जायला हरकत नाही, पण कादंबरी वाचताना घटना, ठिकाण आणि तारीख एवढंच टिपा. कोण काय म्हणालं, मनात काय आलं, ते टिपू नका. मग शेजवलकर उघडून त्या यादीतली प्रत्येक नोंद ताडा. जिथे दोघांत फरक दिसेल तिथे कादंबरीकाराने तो का केला याचा विचार करा. कादंबरीकाराचं कसब त्या जागांवर नीट दिसतं.

आणि पंचांग, वद्याची गोष्ट तुम्ही फार महत्त्वाची सांगितलीत.

---

वाटीभर

पाककृतीची पुस्तकंही वाचनातच धरा हो. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' (१९७०) मी साहित्य म्हणूनच वाचते. अशी आटोपशीर आज्ञार्थी वाक्यं लिहून दाखवा कोणी. एक शब्द जास्त नाही आणि पदार्थ डोळ्यांपुढे उभा राहतो.

अडतं ते मापावर. प्रमाण वाटी-चमच्याचं आहे आणि आज प्रत्येक घरात वाट्या वेगळ्या. मोजपात्राने पाणी भरून आपली वाटी एकदा मोजा. दीडशे मिली भरते की दोनशे, ते पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सगळं वाटीने मोजायचं असेल तर वाटी कोणतीही चालते, प्रमाण तेच राहतं. चूक होते ती वाटी आणि चमचा एकाच कृतीत आले की. वाटी दीडशेची दोनशे झाली की पोहे एकतृतीयांशाने वाढले, मीठ-तिखटाचा चमचा मात्र तेवढाच राहिला, आणि चिवडा अळणी झाला. भाजणीचं, अनारशाचं, चिरोट्याच्या मोहनाचं हेच. चमचाही ठरवून घ्या : चहाचा चमचा पाच मिली धरावा, पोह्याचा त्याच्या साधारण दुप्पट.

वजनावर न्यायचं असेल तर दोनशे मिलीच्या वाटीत कणीक साधारण ११० ग्रॅम, साखर १६५ ते १७० आणि तांदूळ १६०च्या आसपास बसतो. कणीक दाबून भरली की वीस-पंचवीस ग्रॅम सहज वाढते, म्हणून चमच्याने सैल भरून वरून पाते फिरवा.

आपल्याकडे आणखी एक. शरबती गव्हाच्या कणकेला पाणी जास्त लागतं, त्यात मे महिन्यातली कोरडी हवा. पुस्तकात पाण्याचं माप असेल तर तीन चतुर्थांश एकदम घाला, उरलेलं हाताच्या अंदाजाने, आणि गोळा अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवा. मगच आणखी पाणी हवं का ते ठरवा.

---

दौलतगंज

धागा उत्तम. एक विचारतो. माझा पुतण्या हिंदी माध्यमात आठवीत आहे. घरी मराठी बोलतो, पण मराठी पुस्तक हातात घेत नाही. लिपी तीच असून वाचायला वेळ लागतो म्हणून कंटाळतो. काय द्यावं?

---

मंद्र पंचम

दादा, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' द्या. १९५५चं पुस्तक आहे पण वाक्यं इतकी लहान आणि सरळ आहेत की हिंदी वाचणाऱ्या डोळ्याला अडकायला जागा नाही. एक तरुण मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढंच कथानक. माणदेशी बोलीतले शब्द येतात, ते संवादात. तिथे थांबून अर्थ सांगू नका, संदर्भाने कळतात.

रोज दहा मिनिटं, त्याने मोठ्याने वाचायचं आणि घरातल्या मोठ्याने शेजारी बसून ऐकायचं. पहिला आठवडाभर उच्चार सुधारू नका. हिंदीच्या सवयीने तो 'ळ'चा 'ल' करील, चमच्यातला 'च' आणि चहातला 'च' सारखाच म्हणेल, करू दे. कान घरच्या मराठीचाच आहे, दोन-तीन प्रकरणांनंतर आपोआप वळतो. मध्ये मध्ये टोकलं की वाचन परीक्षा होऊन बसतं आणि तिथेच संपतं. 'ऱ्य', 'ऱ्ह' ही जोडाक्षरं तेवढी आधी कागदावर दाखवून ठेवा, ती हिंदीत नसल्यामुळे नजर तिथे अडखळते.

---

किल्लागेट

त्यानंतर 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्जच्या १९३८च्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. जाड आहे, पण बारा-चौदा वर्षांच्या मुलासाठी मराठीत याहून मोठी भेट नाही.

अनुवाद घेण्याआधी मी एक कसोटी लावतो, ती सांगून ठेवतो. मधलं कुठलंही पान उघडायचं आणि फक्त संवाद वाचायचे. माणसं एकमेकांशी असं बोलतील का? मग एक लांब वर्णन. क्रियापद वाक्यात योग्य जागी येतं की 'ज्याने', 'जे की' यांच्या साखळीत लोंबकळतं? शेवटी जेवणाचा किंवा शेतीचा एखादा प्रसंग शोधायचा. अनुवादकाला परक्या वस्तू कशा सांगाव्यात ते जमलं आहे की नाही ते तिथे उघड होतं. पाडस तिन्ही कसोट्यांना उतरतं. अलीकडे घाईने काढलेली बेस्टसेलरांची भाषांतरं पहिल्याच कसोटीला गळतात.

गोडसे भटजींचा हिंदी अनुवादही आपल्याकडे वाचला जातो, अमृतलाल नागरांचा 'आँखों देखा गदर'. भाषा देखणी आहे. पण तो पोतदारांच्या आवृत्तीच्या आधीचा, म्हणजे मजकूर वैद्यांच्या पुस्तकावरचा. मूळ मराठीला पर्याय म्हणून वाचू नये.

---

जुनी प्रत

आवृत्त्यांबद्दल इतकं बोलणं चाललं आहे म्हणून दोन गोष्टी : जुनी पुस्तकं मिळवायची कुठून आणि इथल्या हवेत टिकवायची कशी.

आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं हक्क राहतो. भातखंडे १९३६ला गेले, तांबे १९४१ला, दोघांचंही लेखन केव्हाच मुक्त झालं. शेजवलकर १९६३ला गेले, म्हणजे २०२४च्या सुरुवातीपासून तेही मुक्त. त्यामुळे यांच्या जुन्या प्रतींचे स्कॅन उतरवून घ्यायला अडचण नाही. मात्र नंतरच्या संपादकाची प्रस्तावना आणि टीपा यांचा हक्क वेगळा असतो, पोतदारांची १९६६ची आवृत्ती त्यात मोडते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची पुष्कळ पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट आहेत, लष्करला बसून मागवता न येणारी कितीतरी तिथे सापडतात. स्कॅन उतरवला की आधी शेवटची पानं आणि मधले नकाशे बघा. घडीचा नकाशा न उलगडताच स्कॅन केलेला असतो आणि नेमकं हवं तेच दिसत नाही.

आता टिकवण्याचं. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीसच्या वर जातो, हवा कोरडीठाक. हल्लीची बहुतेक मराठी पुस्तकं शिवलेली नसतात, पानांचे कणे कापून गरम डिंकाने चिकटवलेली असतात. हा डिंक जुना होऊन कडक झाला की उघडताना कणा तडकतो आणि पानांचा गठ्ठा हातात येतो. नवं पुस्तक टेबलावर कण्यावर उभं धरा. आधी दोन्ही पुठ्ठे आडवे पाडा, मग पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं, असं करत मध्यापर्यंत या आणि प्रत्येक वेळी आतल्या कडेवरून बोट हलकं फिरवा. मधोमध उघडून दाबू नका. कपाटातून काढताना वरची कड ओढायची नाही, शेजारची दोन पुस्तकं आत ढकलून मधलं धरायचं.

याहून मोठा शत्रू कूलर. मे-जूनमध्ये कूलरच्या झोतासमोर कपाट असलं की कोरड्या कागदाला एकदम दमट हवा लागते, रात्री कूलर बंद, दुपारी परत चालू. कागद फुगतो-आक्रसतो, पानं लाटांसारखी होतात, वर तपकिरी डाग आणि बुरशी. कपाट बाजूच्या भिंतीला, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. पुस्तकं ठासून भरू नका, मागे हवा खेळू द्या.

कसर लागली असेल तर औषध फवारू नका. पुस्तक जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे अठराच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. घाईने उघडली तर थंड कागदावर दव धरतं आणि किड्यापेक्षा जास्त नुकसान पाण्याने होतं.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायचा नाही, काही वर्षांत तो पिवळा पडतो, चिकट थर कागदात मुरतो आणि अक्षरांवर डाग उरतो. पातळ, पारदर्शक टिश्यू कागदाची बोटभर पट्टी हाताने फाडा, कात्रीने नाही. फाटलेल्या कडेचे तंतू पानात मिसळतात. मैद्याची खळ पातळ शिजवून, गाळून, ब्रशने अगदी थोडी लावा. वर-खाली बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवा. खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, घरी मुलं असतील तर तिच्या वाटेला जाऊ नका. त्याऐवजी लागेल तेवढीच खळ करा, उरलेली दुसऱ्या दिवशी वापरू नका.

---

लष्करकर

जुनी प्रत, एक शंका. भातखंड्यांचे जुने भाग शिवलेले आहेत पण दोरा सुटला आहे. डिंकाने कणा भरून घ्यावा का?

---

जुनी प्रत

नको. शिवलेल्या पुस्तकाच्या कण्यात डिंक ओतला की ते हार्मोनियमपुढे सपाट उघडं राहत नाही, आणि तुम्हाला तर तेच हवं. फर्मे (घडी घालून शिवलेले पानांचे गठ्ठे) सुटे करा, प्रत्येक फर्म्याच्या मधल्या घडीतून जुनी भोकं शोधा आणि मेण लावलेल्या सुती दोऱ्याने त्याच भोकांतून परत शिवा. नवी भोकं पाडू नका. सगळ्यात बाहेरच्या घडीचं पान फाटलेलं असेल तर आधी आतून टिश्यूची पट्टी लावून एक रात्र वाळू द्या, मग शिवा. पुठ्ठा शेवटी, आणि तो फक्त पोस्तीच्या (पुठ्ठ्याच्या आत येणाऱ्या कोऱ्या) कागदावर चिकटवा, कण्यावर नाही. सुटे करण्याआधी प्रत्येक फर्म्याच्या कोपऱ्यात पेन्सिलने क्रमांक टाका, बंदिशीची पानं उलटसुलट लागली तर अंतरा भलत्याच चिजेला जोडला जातो.